मंडईचा पैसा कुणाचा? : रे मार्केट ते महात्मा फुले मंडई

आजचा विषय आहे पुण्याची मंडई. व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, "मंडईचा कसला आलाय इतिहास? पिशवी घ्यायची, भाजी घ्यायची, घासाघीस करायची आणि घरी यायचं." त्यांचं चुकलं असं नाही. बाजाराचा इतिहास आपण लिहीत नाही तो यामुळेच. वाड्यांचा लिहितो, किल्ल्यांचा लिहितो, लढायांचा लिहितो. पण ज्या जागी गावातलं प्रत्येक घर रोज जाऊन येतं, त्या जागेचा इतिहास आपल्याला इतिहास वाटत नाही.

म्हणून आज आपण एकच प्रश्न धरून चालणार आहोत. बाजार बांधायला पैसा लागतो. तो पैसा कुणाचा असतो, आणि तो खर्चून फायदा कुणाचा होतो? हा प्रश्न आमचा नाही. पुण्याच्या नगरपालिकेत तो विचारला गेला, मंडईची ही इमारत उभी राहण्याच्या आधी. ज्यांनी विचारला त्यांचंच नाव आज मंडईवर आहे. ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल, आणि ती सांगताना आपण हसून म्हणतो, "बघा, काय गंमत! ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव!" आमचं म्हणणं असं की त्या गमतीपाशी आपण थांबतो, आणि मूळ प्रश्न तिथंच राहून जातो. आज गंमत बाजूला ठेवून प्रश्नाकडे जाऊ.

आधी थोडं मागे जाऊ. पुणं हे पेठांचं गाव. आता पेठ म्हणजे काय? आज आपल्याला पेठ म्हणजे पत्त्यातला एक शब्द वाटतो. पण पेठ या शब्दाचा अर्थच बाजार. नवी पेठ वसवायची म्हणजे व्यापारी, कारागीर, उदमी लोक आणून बसवायचे, त्यांना कौल द्यायचा, काही वर्षं करात सूट द्यायची, आणि पेठेची व्यवस्था बघायला शेटे-महाजन नेमायचे. वारांची नावं नंतरची. शुक्रवार पेठेचं जुनं नाव विसापूर. रविवार पेठेचं मलकापूर. बुधवार पेठेला औरंगजेबाने १७०३ मध्ये इथं मुक्काम असताना मोहियाबाद नाव दिलं होतं. म्हणजे नावं बदलण्याची सवय या गावाला जुनी आहे, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

पेशवाईत पुणं राजधानी झालं आणि या पेठा भरभरून वाढल्या. शनिवारवाडा १७३२ मध्ये राहता झाला. सरदार आले, त्यांचे कारकून आले, भिक्षुक आले, सावकार आले, आणि या सगळ्यांना खायला लागणारा भाजीपाला आसपासच्या गावांतून डोक्यावर, बैलांवर, गाड्यांतून यायला लागला. शुक्रवार-बुधवारच्या हद्दीवर तुळशीबागेतलं राममंदिर उभं राहिलं ते नारो अप्पाजी खिरे यांच्या हातून. तुळशीबाग बांधली म्हणून ते तुळशीबागवाले झाले. देवळाच्या आवाराला लागून दुकानं आली. देवदर्शनाला बाई आली की कुंकू, बांगड्या, फणी, समई, तांब्या घेऊनच परत जायची. देऊळ आणि दुकान यांची ही सोयरीक आपल्याकडे जुनी आहे, आणि तुळशीबागेत ती आजही टिकून आहे.

पेशवाई १८१८ मध्ये गेली. १८२८ मध्ये शनिवारवाड्याला आग लागली आणि आतलं बरंच काही जळून गेलं. तट राहिला, दिल्ली दरवाजा राहिला. आणि पुढे, ज्या दरवाज्यातून स्वाऱ्या बाहेर पडत, त्याच्याच समोरच्या मोकळ्या मैदानात भाजीबाजार भरायला लागला. डोळ्यासमोर आणा. मागे काळाभोर दरवाजा, खिळे मारलेला, आणि समोर धुळीत मांडलेल्या मेथीच्या जुड्या, वांग्यांचे ढीग, मिरच्यांच्या पाट्या. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. डोक्यावर छप्पर नाही. गुरं मोकळी फिरताहेत. पुण्याची मंडई ती हीच.

आता नगरपालिका आली. १८५७-५८ च्या सुमारास पुण्यात नगरपालिका स्थापन झाली. पण नगरपालिका म्हटल्यावर आजची निवडणूक, वॉर्ड, प्रचार असं काही समजू नका. सुरुवातीची कितीतरी वर्षं सभासद सरकारच नेमत असे. गावातले प्रतिष्ठित लोक, इनामदार, सावकार, वकील, सरकारी अधिकारी. त्यांच्यात १८७६ मध्ये एक वेगळा माणूस नेमला गेला, जोतीराव गोविंदराव फुले. मुलींची शाळा काढणारे, अस्पृश्यांसाठी घरचा हौद खुला करणारे, तीनच वर्षांपूर्वी सत्यशोधक समाज स्थापन केलेले. पण आज आपल्या दृष्टीने त्यांची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. ते माळी घराण्यातले. फुलं-भाजीचा धंदा त्यांच्या घरातला. स्वतः शेती करत, बांधकामाची कंत्राटं घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामालाही त्यांनी माल पुरवला होता. म्हणजे दगड-चुन्याचा भावही त्यांना माहीत आणि भाजीचा भावही माहीत. सभेत बसलेल्या बाकीच्या मंडळींसाठी मंडई ही भाजी विकत घ्यायची जागा होती. जोतीरावांसाठी ती भाजी विकायची जागा होती. हा फरक छोटा नाही.

त्यांच्या नगरपालिकेतल्या काळातला एक प्रसंग आधी सांगतो. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. गाव सजवायचं, स्वागत करायचं, त्यासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. फुले म्हणाले, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मतदान झालं. विरोधात मत एकच पडलं, जोतीरावांचं.

मग आला मंडईचा प्रस्ताव. शनिवारवाड्यासमोरचा बाजार उचलायचा, शुक्रवार पेठेत नवी जागा घ्यायची आणि तिथं विलायती धाटणीची दगडी मंडई बांधायची. खर्च सुमारे तीन लाख रुपये. त्या काळचे तीन लाख! हजार रुपयांना हरकत घेणारा माणूस तीन लाखांना काय म्हणणार? फुल्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं तेच होतं. एवढा पैसा इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर घाला. पण प्रस्ताव मान्य झाला.

इथं आपण जरा थांबू. कारण इथंच आपण नेहमी घाईने पुढे जातो. फुले असं का म्हणाले? त्यांना बाजार नको होता का? भाजी विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नको होतं का? असं मानणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचा मुद्दा कळायचा तर त्याच काळातली त्यांची दोन लेखनं शेजारी ठेवून वाचावी लागतात.

पहिलं, १८८२ चं. शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला होता. त्यापुढे फुल्यांनी निवेदन दिलं. त्याचा गाभा असा : सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. ज्याच्याकडून घेता त्याच्या पोराला साधी प्राथमिक शाळा मिळत नाही.

दुसरं, १८८३ चं, ‘शेतकऱ्याचा असूड’. त्यात त्यांनी शहरांतल्या नगरपालिकांवर कोरडे ओढले आहेत. शेतकरी गाडीभर माळवं घेऊन शहरात येतो. वेशीवर जकात. बाजारात दलाल, तो वजनात मारणार. सगळं देऊन झालं की गाडीभाडंसुद्धा अंगावर पडतं, आणि माणूस रिकाम्या हाताने बायकापोरांसमोर जाऊन उभा राहतो. हे आम्ही आमच्या शब्दांत सांगतोय. मूळ वाचा, त्याची धार वेगळीच आहे.

आता या दोन गोष्टी जोडा. नगरपालिकेची तिजोरी भरत होती कशावर? जकात हा तिचा मोठा आधार. जकात भरणाऱ्यांत कोण होता? बाहेरून माल आणणारा शेतकरी. त्या तिजोरीतून तीन लाख काढून इमारत बांधायची. इमारत बांधून झाली की गाळ्याचं भाडं कुणाकडून घ्यायचं? विकणाऱ्याकडून. म्हणजे वेशीवर एकदा घेतलं, गाळ्यावर पुन्हा घेतलं. आणि इमारतीची शोभा कुणाला? गावाला. शाळा मात्र नाही. जोतीरावांचा विरोध हा दगडी मंडईला नव्हता, या हिशेबाला होता. आम्हाला तरी त्यांची लेखनं वाचून असंच वाटतं.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. मंडईच्या बाजूने असणारेही काही गावाचे वैरी नव्हते. पुण्यात त्या काळी पटकी होती, ताप होते, उघडी गटारं होती. उघड्या मैदानात, गुराढोरांत, चिखलात भरणारा अन्नाचा बाजार आरोग्याला धोकादायक होता यात शंका नाही. छपराखाली, फरसबंद जमिनीवर, पाण्याची सोय असलेला, सकाळी झाडून घेता येईल असा बाजार ही गरज होतीच. मुंबईने १८६९ मध्ये तसा बाजार बांधून दाखवला होता, क्रॉफर्ड मार्केट. पुणेकरांना वाटलं असणार, आपणही मागे का राहावं? म्हणून हा वाद चांगला विरुद्ध वाईट असा नव्हताच. दोन खऱ्या गरजा होत्या आणि तिजोरी एकच होती. प्रश्न होता, आधी काय? खरं राजकारण असंच असतं, आजही.

इमारत उभी राहिली. वासुदेव बापूजी कानिटकर हे तिचे बांधकाम करणारे. त्या वेळचे नामांकित कंत्राटदार. १८८६ मध्ये मंडई खुली झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड रे होते, त्यांच्या नावावरून तिचं नाव पडलं रे मार्केट. तुम्ही मंडईत गेलात की भाव विचारण्याच्या गडबडीत वर बघत नाही. एकदा मुद्दाम बघा. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूकडे फाकलेली दालनं, दगडी खांब, टोकदार कमानी, वर उतरती कौलं. युरोपातल्या चर्चला शोभावी अशी गॉथिक धाटणी, आणि आत कांदे-बटाटे. पण रचना हुशारीची आहे. मध्ये उभं राहिलं की सगळ्या बाजूंचे गाळे दिसतात. हवा खेळते. उन्हाळ्यात बाहेरून आत आलात की फरक लगेच अंगाला जाणवतो. भाजी टिकते ती त्या हवेमुळे.

शनिवारवाड्यासमोरून बाजार उठला आणि शुक्रवार पेठेत आला, तशी गावाची नाडीही सरकली. तुळशीबाग शेजारी होतीच. मंडईतून भाजी आणि तुळशीबागेतून भांडी, असा एकाच फेरीत होणारा बाजार सुरू झाला. जवळच बोहरी आळी, तिथं लोखंडी सामान, खिळे, रंग, दोरखंड. पलीकडे कसब्यात तांबट आळी, तिथं ठोकून तयार झालेले हंडे-घागरी दुकानांतून येत. लग्नाची खरेदी म्हणजे या चार-पाच गल्ल्या पायाखालून घालणं. तुळशीबागेत मुलींसाठी भातुकली मिळायची, पितळेची, लाकडाची. आमच्या श्रोत्यांत ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्या आजींना ते आठवत असेल. बाई एकटीने, शेजारणीबरोबर, घरच्या पुरुषांना बरोबर न घेता मोकळेपणी फिरू शकेल अशा जागा त्या पुण्यात फार नव्हत्या. देवळाचं निमित्त होतं, बाजाराची सोय होती. तुळशीबागेचं हे काम कुठल्याही ठरावात लिहिलेलं नाही, पण ते झालं.

आता नावांची गोष्ट. सुरुवातीला म्हटलं होतं, पुढे कामाला येईल. रे आणि क्रॉफर्ड ही दोन नावं आत्ता आपण घेतली. पुण्याच्या मंडईला रे, मुंबईच्या मंडईला क्रॉफर्ड. आता बघा. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. पुढे ते मध्य विभागाचे आयुक्त झाले, आणि त्यांची कचेरी होती पुण्यात. १८८८ मध्ये त्यांच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे. चौकशी लावली कुणी? लॉर्ड रे यांच्या सरकारने. क्रॉफर्डना नोकरीवरून जावं लागलं. ज्या मामलेदारांनी अभय मिळेल या भरवशावर साक्षी दिल्या, ते पुढे अडचणीत आले, आणि त्यांची बाजू घेऊन उभे राहिले बाळ गंगाधर टिळक. म्हणजे दोन मंडयांची नावं असलेले दोन साहेब एकमेकांसमोर उभे राहिले होते, ते या पुण्यात. पुढे दोन्ही मंडयांवरून दोन्ही साहेबांची नावं गेली आणि दोन्हीकडे एकच नाव आलं, महात्मा फुले.

पण ते इतक्या सहज आलं नाही. मध्ये एक लढाई झाली. टिळक १९२० मध्ये गेले. पुण्यात त्यांचा पुतळा उभारायचं ठरलं, आणि जागा निवडली ती मंडईची. २२ जुलै १९२४ रोजी मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्या पुतळ्याचं अनावरण झालं. गव्हर्नरचं नाव असलेल्या बाजाराच्या दारात सरकारने राजद्रोहाखाली मंडालेला पाठवलेल्या माणसाचा पुतळा! आजही अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींची मिरवणूक सुरू होते ती मंडईतल्या या पुतळ्यापासून.

लगेच पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत मागणी केली की महात्मा फुल्यांचाही पुतळा पुण्यात उभारावा. मागणी फेटाळली गेली. त्यावरून गावात जो वणवा पेटला तो आज वाचतानाही अंगावर येतो. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आलं, टिळक-चिपळूणकरांवर जहाल हल्ला करणारं. खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद म्हणून आपण जे पुस्तकात वाचतो, ते या गल्ल्यांत, या माणसांत घडलेलं आहे.

मग १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत आले. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि रे मार्केटचं महात्मा फुले मंडई करण्यातही. ज्या गावाने पुतळ्याला जागा दिली नव्हती, त्या गावाची सगळी मंडई फुल्यांच्या नावाची झाली. घोले रस्त्यावरचं वस्तुसंग्रहालय, तेही आधी लॉर्ड रे यांच्या नावाचं. त्यालाही पुढे महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

आता आम्ही जे म्हणतो त्याचा राग मानू नका. नाव देणं हा मोठा सन्मान होता आणि तो योग्यच होता. जेध्यांची मागणी फेटाळल्यानंतर तर तो गावाने केलेला एक प्रकारचा कबुलीजबाबही होता. पण नाव दिलं आणि प्रश्न विसरला. दगडावर नाव आलं, हिशेबाच्या वहीत नाही.

वहीकडे परत येऊ. मंडईत माल यायचा कसा? पहाटे. पुरंदरचे अंजीर, सीताफळं, आजूबाजूच्या गावांतून पालेभाजी. घाऊक माल उतरायचा, अडत्याच्या हाताखाली लिलाव व्हायचा, हमाल पाठीवर पोती घेऊन धावायचे, मापाडी तोलायचा, आणि उजाडेपर्यंत किरकोळ विक्रेत्यांच्या गाळ्यांत माल लागलेला असायचा. शेतकऱ्याच्या पट्टीतून काय काय वजा व्हायचं? अडत, हमाली, तोलाई. वेशीवरची जकात वेगळी. फुल्यांनी ‘असूड’मध्ये दाखवलेली गाडी अजून चालूच होती.

त्या हमालाकडेही बघा. क्विंटलच्या क्विंटल माल ज्याच्या पाठीवरून जातो, त्याला ना पगार, ना रजा, ना म्हातारपणाची सोय. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत बांधली ती या माणसांची. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कष्टकऱ्याला परवडेल असं जेवण. बाबा आढाव स्वतःला सत्यशोधक परंपरेतले मानत. म्हणजे फुल्यांचा प्रश्न पूर्ण विसरला गेला होता असं नाही. तो मंडईच्या मनोऱ्यावर दिसत नव्हता. तो हमालाच्या पाठीशी उभा होता.

शहर वाढलं तसा घाऊक बाजार त्या गल्ल्यांत मावेना. बाजार समितीचा कायदा १९६३ मध्ये आला. पुढे घाऊक भाजीबाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत किरकोळ विक्री उरली. म्हणजे शनिवारवाड्यासमोरून जसा बाजार एकदा उचलला होता, तसा तो दुसऱ्यांदा उचलला गेला. दोन्ही वेळा कारणं खरी होती. गर्दी, स्वच्छता, वाहतूक. आणि दोन्ही वेळा पोट ज्यांचं त्या जागेवर होतं त्यांनाच आधी हलावं लागलं. बाजार हलवणं म्हणजे नकाशावर गोल सरकवणं नव्हे. पाटी घेऊन बसणाऱ्या मावशीचं गिऱ्हाईक तिच्या जागेशी बांधलेलं असतं. जागा गेली की वीस वर्षांची ओळख जाते.

मंडईचं आणखी एक रूप आहे, तेही सांगायला हवं. ते म्हणजे ‘मंडई विद्यापीठ’. काकासाहेब गाडगीळांच्या नावाशी हा शब्द जोडलेला आहे. टिळकांच्या पुतळ्यापाशी, रात्री, बाजार आवरल्यावर सभा व्हायच्या. गाळेवाले, हमाल, विद्यार्थी, कारकून समोर. वक्त्याची खरी परीक्षा इथं. भाव करण्यात ज्यांची हयात गेली त्या माणसांना पोकळ शब्द विकणं सोपं नाही! गंमत बघा, ज्या काळात जेधे आणि गाडगीळ दोन टोकांना असावेत असं वाटतं, त्याच काळात पुढे ते दोघं काँग्रेसमध्ये एकत्र आले आणि त्या जोडीने पुण्याचं राजकारण फिरवलं. बाजारात माणसं रोज एकमेकांना भेटतात. भांडण फार काळ तसंच टिकवता येत नाही.

आता आजच्या दिवसाजवळ येऊ. फुल्यांच्या गाडीवानाला अडवणारी ती जकात पुण्यात २०१३ पर्यंत होती. त्या वर्षी तिच्या जागी एलबीटी आला, मग तोही गेला, आणि २०१७ मध्ये जीएसटी. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा झाला, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असं ठरलं. १८८३ मध्ये एका माणसाने लिहिलेल्या तक्रारीतल्या दोन कलमांना उत्तर मिळायला साधारण १३० वर्षं लागली. वजनातली लबाडी आणि पडलेला भाव ही कलमं अजून उघडीच आहेत. टोमॅटो रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या आपण दर दोन-चार वर्षांनी वाचतोच.

आणि आता मंडईखाली मेट्रोचं स्टेशन आहे. २०२४ च्या सप्टेंबरात तो भुयारी मार्ग सुरू झाला. जमिनीखालून माणसं येतात, वर येतात, समोर मनोरा दिसतो, फोटो काढतात. चांगलं आहे. पण ही येणारी माणसं पिशवी घेऊन येतात की फोन घेऊन, यावर गाळ्यांचं भवितव्य आहे. घरपोच भाजी दहा मिनिटांत मिळते अशा काळात मंडईतली मावशी काय विकते? ती ओळख विकते. "ताई, आज वांगी नको, गवार घ्या," असं सांगते. हे कुणी ॲप सांगत नाही, कारण ॲपला वांगी संपवायची असतात.

शेवटाकडे येतो. उद्या मंडईबद्दल काही नवा आराखडा येईल, सुशोभीकरण म्हणा, वारसा म्हणा, पार्किंग म्हणा. येणारच. इमारत जुनी आहे, तिची देखभाल झालीच पाहिजे, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण त्या सभेत कुणीतरी उठून विचारावं, हा पैसा कुठून आला, गाळेवाल्याच्या भाड्यात किती वाढ होणार, बाहेर पाटी घेऊन बसणारी कुठे जाणार, हमालाच्या पोरांची शाळा कुठे आहे. असं विचारणारा एकटा पडेल. १८८० मध्येही पडला होता. त्याचं नाव मंडईवर आहे, म्हणून तरी त्या सभेत प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवू नये, एवढंच आमचं म्हणणं.

मंडईत जायचं असेल तर पहाटे जा, सहाच्या आसपास. गाळे लागत असतात, पाणी मारलेलं असतं, कोथिंबिरीचा वास असतो. मनोऱ्याखाली उभं राहून वर बघा, मग खाली बघा, कोण काय उचलतंय ते. इतिहास दोन्हीकडे आहे. आणि येताना काहीतरी विकत घेऊन या, नुसतं बघून येऊ नका!

आता प्रश्न विचारा. ज्यांचं बालपण मंडईच्या आसपास गेलं आहे, त्यांनी आधी बोलावं. आम्ही पुस्तकांतून सांगितलं, तुम्ही आठवणीतून सांगा.